लग्न झालं, नवरा जर्मनीत, व्हिसासाठी नेमका कोणता हेल्थ इन्शुरन्स काढायचा? (नाशिक)

गोदाकाठ | ३ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

जूनमध्ये माझं लग्न झालं. नवरा जर्मनीत स्टुटगार्टला, ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर. मी सध्या इंदिरानगरला आईबाबांकडे, सासर सिडकोत. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला ए-१, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीच्या, जर्मनची अट नाही, तरी कॉलेज रोडला क्लास लावलाय. मनपाचं लग्नाचं सर्टिफिकेट, भाषांतरं, फोटो, सगळी फाईल तयार आहे आणि गाडी अडलीय ती एकाच कागदावर. प्रवेशाच्या तारखेपासून वैध असलेल्या हेल्थ इन्शुरन्सचा पुरावा.

बाबा म्हणतात आपला ५ लाखांचा फॅमिली फ्लोटर, म्हणजे घरच्या सगळ्यांचा मिळून मेडिक्लेम, आहे ना, तोच दाखव. एजंट म्हणतो ३०,००० युरोची ट्रॅव्हल पॉलिसी घे, सगळे तेच घेतात. नवरा म्हणतो काही घेऊ नकोस, इकडे आलीस की माझ्यात तू फुकट कव्हर होतेस. तिघंही आपापल्या जागी ठाम आणि मी मधे. रोज जेवताना हाच विषय निघतो. कोणी नुकतं यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

सातपूरकर | ३ नोव्हेंबर, रात्री ११.०५

बाबांना सांग मेडिक्लेम चालणार नाही. आपली साधी मेडिक्लेम भारतातल्या हॉस्पिटलातच पैसे देते, पॉलिसीच्या कागदावरच लिहिलेलं असतं. माझ्या मेहुणीने तोच कागद नेला होता, काउंटरवरूनच परत दिला. बाकी जाणकार सांगतीलच.

द्राक्षवेल | ४ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

गोदाकाठ, आधी अभिनंदन. मी ६ वर्षं मानहाइमला राहून आता गंगापूर रोडला परत आलेय, त्यामुळे यातलं बरंच अंगावर घेतलेलं आहे, सविस्तर लिहिते, कामात असशील तर रात्री वाच.

एजंट आणि नवरा दोघंही अर्धं अर्धं बरोबर सांगताहेत. ३०,००० युरोची अट मुळात शेंगेनच्या छोट्या मुक्कामासाठी आहे, म्हणजे ९० दिवसांपर्यंत फिरायला किंवा भेटायला जाणाऱ्यांसाठी. तू जातेयस राहायला, तुझा व्हिसा डी प्रकारचा, नॅशनल. तिथला कायदा म्हणतो की जर्मनीत राहणाऱ्या प्रत्येकाला पुरेसं आरोग्य विम्याचं कव्हर पाहिजेच. ट्रॅव्हल पॉलिसी फक्त मधला पूल म्हणून, तुझं नाव तिकडच्या विम्यात लागेपर्यंत. आणि नवरा जे फुकट म्हणतोय ते खरं आहे पण फक्त तो पब्लिक क्रांकेनकासेत, म्हणजे तिकडच्या सार्वजनिक आरोग्य विमा संस्थेत असेल तर. त्याला फामिलिएनफरझिशरुंग, म्हणजे कुटुंबाचा विमा म्हणतात. बायकोचं स्वतःचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असलं, २०२५ साठी ती महिना ५३५ युरो होती आणि मिनिजॉब, म्हणजे छोटी अर्धवेळ नोकरी, असेल तर ५५६, की तिचं नाव नवऱ्याच्या विम्यात वेगळा हप्ता न भरता लागतं. तो प्रायव्हेटमध्ये असेल तर यातलं काहीच लागू होत नाही, तेव्हा पहिला प्रश्न त्याला हा विचार.

आता माझं सांगते म्हणजे मी इतकी मागे का लागतेय ते कळेल. मी २०१८ च्या जानेवारीत गेले. इथून एक ट्रॅव्हल पॉलिसी घेतली होती, कंपनीचं नाव लिहीत नाही, व्हिसाला चालली म्हणून आम्ही दोघं खूश. नवऱ्याकडे क्रांकेनकासेचा फॅमिलीचा फॉर्म आला होता, तो म्हणाला तू ये तर खरी, मग निवांत भरू. अकराव्या दिवशी सकाळी मी बिल्डिंगच्या पायऱ्यांवर घसरले. वरून पाणी दिसत होतं पण तो बर्फ होता. उजवा हात मनगटापासून वाकडा. हॉस्पिटलात खिडकीमागच्या बाईने क्लिपबोर्ड दिला, पहिली ओळ नाव, दुसरी पत्ता आणि तिसरी क्रांकेनकासे. उजव्या हातात कळा येताहेत, डाव्या हाताने मी माझं नाव लिहिलं, वेड्यावाकड्या अक्षरात पत्ता लिहिला आणि तिसऱ्या ओळीवर पेन तसाच धरून बसले. काय लिहायचं तेच माहीत नव्हतं. नवरा ऑफिसमध्ये मीटिंगला, फोन उचलत नाही.

संध्याकाळी ट्रॅव्हल पॉलिसीच्या हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितलं की ही पॉलिसी प्रवासाला जाऊन परत येणाऱ्यांसाठी आहे, परदेशी कायमचं राहायला गेलेल्यांना लागू नाही. ते कलम आम्ही वाचलंच नव्हतं. ज्या कागदावर मला व्हिसा मिळाला तो कागद माझ्या हाताला एक रुपया द्यायला तयार नव्हता.

सुदैवाने आम्ही पाचव्या दिवशीच आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी केलेली होती. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी फॉर्म भरून पाठवला आणि कासेने मला पात्र झाल्या दिवसापासून सामावून घेतलं, अर्ज उशिरा गेला तरी फॅमिलीचं कव्हर मागून लागू होतं. बिल त्यांनी भरलं. हॉस्पिटलात राहिल्याचे रोजचे १० युरो तेवढे आपले. पण मधले ते ३ आठवडे, बिल घरी येऊन पडलेलं, कार्ड आलेलं नाही, मी प्लास्टर घालून एकटी घरात आणि आईला फोनवर काय सांगायचं हा रोजचा प्रश्न. ते दिवस तुझ्या वाट्याला येऊ नयेत म्हणून लिहिलं.

तेव्हा नवऱ्याला सांग, फॉर्म आत्ता मागव. बऱ्याच कासे पत्नी येणार आहे असं कळवलं की तसं पत्र देतात, ते पत्र फाईलला लाव. आणि त्यासोबत इथून जी पॉलिसी घेशील ती घेताना एजंटला एकच प्रश्न विचार, मी परत येणार नाहीये, तिकडे राहायला जातेय, तरी क्लेम मिळेल का, आणि उत्तर लेखी घे. व्हॉट्सॅपवर नको, ईमेलवर.

गोदाकाठ | ४ नोव्हेंबर, दुपारी १.३०

द्राक्षवेल ताई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. इतकं मनापासून लिहिलंत. आईलाही वाचून दाखवलं, ती म्हणाली हिला एकदा घरी बोलव. नवऱ्याला रात्री विचारते पब्लिक की प्रायव्हेट. त्याचा पगार ब्लू कार्डच्या मर्यादेच्या बराच वर आहे एवढंच माहितेय.

पांडवलेणी | ४ नोव्हेंबर, दुपारी ३.५०

पगार बराच वर आहे म्हणालीस म्हणून लगेच लिहितेय. पगार ठरावीक मर्यादेच्या वर असला, २०२५ मध्ये ती वर्षाला ७३,८०० युरो होती, की माणसाला पब्लिक सोडून प्रायव्हेटमध्ये जाता येतं. तरुण, एकटा, धडधाकट माणूस असेल तर प्रायव्हेटचा हप्ता स्वस्त पडतो, म्हणून आपली मुलं लग्नाआधी तिकडे जातात आणि बायको आली की कळतं की प्रायव्हेटमध्ये प्रत्येक माणसाचा वेगळा करार, वेगळा हप्ता, वेगळी प्रश्नावली.

माझं असंच झालं. २०२१ ची गोष्ट. नवरा प्रायव्हेटमध्ये. मी इथून ३ महिन्यांची इनकमिंग पॉलिसी, म्हणजे बाहेरून जर्मनीत येणाऱ्यांसाठीचा तात्पुरता विमा, घेऊन गेले. तिकडच्या कंपनीने माझ्यासाठी भलीमोठी प्रश्नावली पाठवली, गेल्या काही वर्षांतले आजार, गोळ्या, तपासण्या. मला थायरॉइडची गोळी चालू आहे, ते लिहिलं. त्यावर जास्तीचा हप्ता लावला. ठीक आहे म्हटलं. करार सुरू होईपर्यंत कळलं की मला दिवस गेलेत, आणि हिशोब केला तर इथून निघायच्या आधीचेच. इनकमिंग पॉलिसीत आधीपासूनची प्रेग्नन्सी बसत नव्हती. नव्या करारात बाळंतपणाला ८ महिन्यांची वेटिंग, तोवर त्याचा खर्च मिळत नाही. जर्मन कायद्याने कंपनीला तेवढी ठेवता येते, सगळ्याच कंपन्या ठेवतात असं नाही पण आमच्या करारात होती. दोन पॉलिसी हातात, आणि जे घडत होतं ते दोन्हींच्या बाहेर.

आम्ही रात्र रात्र बसून आकडे मांडले. शेवटी सातव्या महिन्यात मी नाशिकला आईकडे आले. बाळंतपण माहेरी झालं, सगळं नीट झालं, आईने डिंकाचे लाडू केले, कशाचीच कमी नव्हती. पण नवऱ्याने बाळाला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ते ४ महिन्यांचं होतं. ते ४ महिने कुठल्या क्लेमने परत मिळत नाहीत.

म्हणून नवऱ्याला आजच विचार. प्रायव्हेट असेल तर तुझ्यासाठीचा करार तू इथे असतानाच बोलून ठेवायचा, वेटिंग माफ होते का ते विचारायचं. आणि तुमचा विचार काय आहे ते तुम्ही दोघांनी ठरवा, मी सांगणारी कोण, पण तारखा बघून ठरवा.

गोदाकाठ | ४ नोव्हेंबर, रात्री ११.२०

पब्लिक आहे!! फोनवर मी ओरडलेच, बाबा बाहेरून धावत आले. फॉर्म पण आलेला आहे त्याच्याकडे सप्टेंबरपासून, ईमेलमध्ये पडून. मी काही बोलले नाही, फक्त द्राक्षवेल ताईंची पोस्ट पाठवली. पंधरा मिनिटांत त्याचा फोन आला, भरतोय म्हणून.

पांडवलेणी ताई, तुमचं वाचून काय लिहावं कळत नाही. बाळाला खूप आशीर्वाद.

विमावाले_काका | ५ नोव्हेंबर, सकाळी ९.४५

मी सिडकोत २२ वर्षं विम्याचं काम करतो. वर एजंट लोकांबद्दल लिहिलंय ते वाचून वाईट वाटलं, पण खोटं नाहीये, आमच्यातले बरेच जण कागद चालला की मोकळे होतात.

दोन गोष्टी सांगतो. एक, पॉलिसीत परदेशात राहायला जाणाऱ्यांबद्दल काय लिहिलंय, गरोदरपण, आधीचे आजार, दात, ही चार कलमं शोधून बोट ठेवून वाचा. जाहिरातीचा कागद नको, पूर्ण वर्डिंग मागा, ते द्यावंच लागतं.

दुसरं बाबांसाठी. पोरीचं नाव फॅमिली फ्लोटरमधून लगेच काढू नका. परदेशी जाते म्हणून लोक नाव काढतात, आणि ती पाच वर्षांनी परत आली की नव्याने सुरुवात. आधीच्या आजारांना कंपनी जास्तीत जास्त ३ वर्षं वेटिंग लावू शकते, २०२४ च्या नियमांआधी ४ होती. आणि सलग ६० महिने हप्ता भरला की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवली म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. ही जी सलगता आहे तिचीच किंमत. लग्न झालेल्या मुलीला तुमच्या फ्लोटरमध्ये ठेवतात का ते कंपनीला विचारा, नसेल ठेवत तर तिची वेगळी पॉलिसी पोर्ट करून द्या, वेटिंगचे भरलेले दिवस सोबत जातात. मुलगी माहेरी येईल, आजारी पडेल, तेव्हा जर्मनीचा विमा इथे कामाला येईलच असं नाही.

काळाराम_चौक | ५ नोव्हेंबर, सकाळी ११.१०

काका, सलगतेचं माहीतच नव्हतं. भावाचं नाव आम्ही मार्चमध्ये काढलं. आज फोन करतो.

पंचवटी_एक्सप्रेस | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०

नावाचं कोणीच लिहिलं नाही अजून, म्हणून लिहितो. माझ्या बहिणीची फाईल यातच अडकली होती.

बहिणीचा पासपोर्ट माहेरच्या नावाने. म्हणजे तिचं नाव, मग वडिलांचं, मग आमचं आडनाव. लग्नानंतर तिने पासपोर्ट बदलला नव्हता आणि बदलायची सक्तीही नाही. पॉलिसी मात्र सासऱ्यांनी प्रेमाने काढून दिली, सासरच्या नावाने, मधे नवऱ्याचं नाव, शेवटी नवं आडनाव. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही कारण घरात सगळे तिला त्याच नावाने बोलवायला लागले होते.

सकाळची पंचवटी पकडून आम्ही दोघं मुंबईला गेलो. तिने डबा घेतला होता, थालीपीठ, इगतपुरीच्या पुढे खाल्लं. दीड तास रांगेत. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट उघडला, बाजूला पॉलिसी ठेवली, एक बोट इकडच्या नावावर आणि एक बोट तिकडच्या नावावर ठेवलं आणि आमच्याकडे बघितलं. काही बोललीच नाही आधी. बहीण रडायला लागली. ती मुलगी बिचारी समजावत होती की मॅडम, कागद बदलून आणा, रिजेक्ट नाही केलंय. पण त्या दिवशीची अपॉइंटमेंट गेली ती गेलीच, पुढची १७ दिवसांनी.

पॉलिसी, तिकीट, कासेचं पत्र, सगळ्यावर पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं. स्पेलिंगसकट. वडिलांचं नाव पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये असेल तर पॉलिसीतही तिथेच.

आणि तारीख. मुंबईहून विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तुम्ही घरून निघता १४ तारखेला संध्याकाळी, विमान असतं १५ ला पहाटे. पॉलिसी एखादा दिवस आधीपासूनच घ्या, फार तर शेपन्नास रुपये जास्त जातील. विमान लांबलं, तिकीट बदललं तर पॉलिसीची तारीख बदलता येते का तेही आधी विचारून ठेवा.

गोदाकाठ | ५ नोव्हेंबर, रात्री ९.००

बापरे. माझाही पासपोर्ट माहेरच्या नावाचाच आहे आणि नवऱ्याने फॉर्ममध्ये माझं नवीन नाव लिहिलं असणार. आत्ताच कॉल करते.

रामकुंड_परिसर | ६ नोव्हेंबर, सकाळी ८.२०

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझी बायको यूकेला नर्स म्हणून चाललीय, मी डिपेंडंट म्हणून मागून जाणार. मला इन्शुरन्स काढावा लागेल का? इथल्या, नाशिकच्याच, कॅनडा कॉर्नरच्या एका कन्सल्टंटने ४० हजारांची पॉलिसी सांगितलीय.

मखमलाबादची_लेक | ६ नोव्हेंबर, दुपारी १२.४०

रामकुंड, थांबा, पैसे देऊ नका. मी लीड्सला नर्स आहे. यूकेला व्हिसासाठी इन्शुरन्स पॉलिसी मागतच नाहीत. तिथे आयएचएस म्हणजे इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज असतो, तो अर्जासोबतच भरायचा आणि मग एनएचएस, म्हणजे तिकडची सरकारी आरोग्यसेवा, तुम्हाला. ६ फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पाउंड आहे, आधी ६२४ होता. विद्यार्थी आणि १८ च्या आतल्यांना ७७६. पण तुमची बायको हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावर असेल तर तिला आणि तिच्या डिपेंडंटना तो सरचार्ज माफ आहे. पूर्ण माफ. सीओएसवर, म्हणजे नोकरी देणाऱ्याच्या स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटवर, ते नीट लिहिलंय का ते तिला बघायला सांगा. फक्त केअर वर्कर आणि सिनियर केअर वर्कर यांना ११ मार्च २०२४ पासून डिपेंडंट नेता येत नाहीत, नर्सला येतात.

तुम्हाला लागेल ती टीबीची टेस्ट, ६ महिन्यांपेक्षा जास्त राहायला जाणाऱ्या भारतातल्या सगळ्यांना लागते, ठरवून दिलेल्या क्लिनिकमध्येच, सर्टिफिकेट ६ महिने चालतं.

ज्यांचा नवरा किंवा बायको तिकडची नागरिक आहे आणि पार्टनर व्हिसावर जाताहेत त्यांना ३३ महिन्यांचा सरचार्ज एकदम भरायचा असतो, ३,१०५ पाउंड, म्हणजे साडेतीन लाखांच्या वर. व्हिसा नाकारला तर सरचार्ज परत मिळतो, व्हिसाची फी नाही. नुसत्या सरचार्जसाठी सोनं गहाण ठेवलेली घरं मी पाहिलीत, म्हणून पैशांची तयारी आधीच करा.

एनएचएस मिळालं म्हणजे सगळं फुकट असंही नाही. इंग्लंडमध्ये प्रत्येक प्रिस्क्रिप्शनच्या औषधामागे ९.९० पाउंड, दातांचे वेगळे. चष्मा, दात इथूनच करून जा.

रामकुंड_परिसर | ६ नोव्हेंबर, दुपारी १.०५

ताई, तुमचे उपकार विसरणार नाही. ४० हजार उद्या भरणार होतो. खरंच.

ओझरचा_वारा | ६ नोव्हेंबर, रात्री ८.१५

मी निवृत्त माणूस, टाईप हळू होतं. मुलगी अमेरिकेत आहे, जावई तिकडचा नागरिक. तिच्या इमिग्रंट, म्हणजे कायम राहायला जायच्या, व्हिसाच्या वेळचं सांगतो, कारण तेव्हा आमच्या घरात जी धावपळ झाली ती अजून आठवते.

२०१९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या अध्यक्षांनी, तेव्हा ट्रम्पच होते, घोषणा काढली की ज्याला इमिग्रंट व्हिसा पाहिजे त्याने देशात आल्यापासून ३० दिवसांच्या आत हेल्थ इन्शुरन्स असेल असं दाखवायचं, नाहीतर उपचाराचा खर्च स्वतः करण्याची ऐपत दाखवायची. नागरिकांच्या बायका-नवऱ्यांनाही लागू. ३ नोव्हेंबरपासून अंमल. मुलीची मुलाखत बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. जावयाने ३६४ दिवसांचा व्हिजिटर प्लॅन शोधला, कारण नियमात तेवढ्या दिवसांचा प्लॅन चालेल असं होतं. रात्री दोन दोन वाजेपर्यंत आम्ही फोनवर. मग २ नोव्हेंबरला पोर्टलंडच्या फेडरल कोर्टाने तो नियम थांबवला, लागू व्हायच्या आदल्या दिवशी. पुढे मे २०२१ मध्ये बायडन यांनी ती घोषणाच रद्द केली.

मी हे सांगतोय कारण आजही व्हॉट्सॅपवर जुने मेसेज फिरतात की अमेरिकेला बायकोला न्यायचं तर ३६४ दिवसांची पॉलिसी लागते. आपल्या मुलाखतीच्या आठवड्यात त्या कॉन्सुलेटच्या साइटवर काय लिहिलंय तेच प्रमाण माना. नियम एका महिन्यात येतात आणि एका रात्रीत थांबतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

सिन्नर_फाटा | ७ नोव्हेंबर, सकाळी १०.००

ओझरचे काका, बरोबर. अमेरिकेचं अजून थोडं जोडतो. एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरच्या नवऱ्यामागून, जाणाऱ्या बायकोला व्हिसासाठी इन्शुरन्स दाखवावा लागत नाही, पण तिकडे एक दिवसही विम्याशिवाय काढू नका. खरी मेख वेगळीच आहे. नवऱ्याच्या कंपनीच्या प्लॅनमध्ये बायकोचं नाव लावायला लग्न झाल्यापासून साधारण ३० दिवस मिळतात. लग्न झालं नाशिकला डिसेंबरात, बायको पोचली एप्रिलात, मधे ते ३० दिवस संपलेले. मग एचआर म्हणतं आता पुढच्या ओपन एनरोलमेंटला, म्हणजे वर्षातून एकदा नावं लावतात तेव्हा, या. काही कंपन्या देशात आल्याची तारीख धरतात, काही धरत नाहीत. म्हणून लग्नाच्या आठवड्यातच नवऱ्याने एचआरला ईमेल टाकून विचारायचं, हळद उतरायच्या आत.

आणि नवरा संशोधक असेल, जे-१ वर, तर बायकोला जे-२, तिथे मात्र इन्शुरन्स सक्तीचाच. आकडे ठरलेले आहेत, प्रत्येक आजाराला किंवा अपघाताला किमान १ लाख डॉलर, परत आणण्याच्या वैद्यकीय खर्चाला ५०,०००, मृत्यू झाल्यास देह मायदेशी आणायला २५,०००, आणि डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, ५०० डॉलरच्या वर नको. बायकोचा विमा मुद्दाम नाही ठेवला तर नवऱ्याचाच प्रोग्रॅम रद्द होऊ शकतो. माझ्या मित्राने बायकोचे पैसे वाचवायला सहा आठवडे विमा घेतला नव्हता, युनिव्हर्सिटीचं पत्र आलं तेव्हा त्याचे हात थरथरत होते.

शालिमार | ७ नोव्हेंबर, दुपारी २.२५

नेदरलँड्सचं कोणाला माहितेय का? वहिनी जानेवारीत जातेय.

द्राक्षवेल | ७ नोव्हेंबर, दुपारी ४.१०

शालिमार, माझी नणंद तिकडे आहे. तिथे राहायला गेल्यावर ४ महिन्यांच्या आत तिकडचा बेसिक विमा घ्यावाच लागतो, आणि चौथ्या महिन्यात घेतला तरी हप्ता पहिल्यापासूनचा भरावा लागतो. म्हणजे थांबून फायदा काहीच नाही, पोचल्या पोचल्या घ्यायला सांग. वर्षाला पहिले ३८५ युरो साधारण स्वतःच्या खिशातून जातात, पण फॅमिली डॉक्टरकडे गेलं तर ते लागत नाहीत.

गोदाकाठ, तुझं काय झालं? नाव दुरुस्त केलं का?

गोदाकाठ | ७ नोव्हेंबर, रात्री १०.५०

केलं. फॉर्म जायच्या आधी दोन तास त्याला फोन लागला, खरंच सासरचंच नाव लिहिलं होतं त्याने. मला म्हणाला, मला वाटलं तुला आवडेल. मला आवडलंच, पण पासपोर्टला नाही ना आवडत.

पॉलिसीचं पण झालं. काकांनी सांगितलं तसं पूर्ण वर्डिंग मागितलं, एजंट म्हणाला आजपर्यंत कोणी मागितलं नाही. राहायला जाणाऱ्यांना लागू नाही हे कलम त्याच्या पहिल्या पॉलिसीत निघालं, अगदी नवव्या पानावर, बारीक अक्षरात. बाबांनी चष्मा काढून, कागद डोळ्यांजवळ नेऊन दोनदा वाचलं आणि मग एकदम गप्प झाले. दुसरी घेतली, तिच्यात ते कलम नाही, त्याने ईमेलवर तसं लिहून दिलंय. थोडी महाग आहे. बाबा म्हणाले राहू दे. आणि माझं नाव फ्लोटरमधून ते काढणार नाहीयेत, कंपनी ठेवत नसेल तर वेगळी करून देणार, हप्ता ते स्वतः भरणार, त्यावर माझं काही ऐकून घेत नाहीयेत.

१९ तारखेची मुंबईची अपॉइंटमेंट आहे. बाबा सोबत येताहेत.

पंचवटी_एक्सप्रेस | ८ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

आदल्या रात्रीच पासपोर्ट आणि पॉलिसी शेजारी ठेवून एकेक अक्षर वाच. बाबांकडून पण वाचून घे.

गोदाकाठ | २० नोव्हेंबर, सकाळी ११.३०

काल सगळं जमा झालं. एकही कागद परत आला नाही. काउंटरवरच्या दादांनी पॉलिसीची तारीख बघितली, कासेचं पत्र बघितलं, आणि पुढच्या कागदाकडे वळले. पंधरा सेकंदही लागले नसतील.

परतीच्या गाडीत बाबांनी ते पत्र परत मागितलं. जर्मनमध्ये आहे, त्यांना एक अक्षर कळत नाही. पण माझं नाव त्यात तीनदा आलंय, मधे त्यांचं नाव, शेवटी आमचं आडनाव. कसारा येईपर्यंत ते पत्र त्यांच्या हातातच होतं.